गोरिला, जांभळा रंग आणि दहा सेंट: जुन्या सुपरहिरो कॉमिक्सची कव्हरं एवढी विचित्र का?

'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा २४१वा अंक, कव्हरवर तारीख मार्च १९५७. बॅटमॅनपुढे इंद्रधनुष्याच्या सगळ्या रंगांतले पोशाख मांडलेले आहेत. रॉबिन बुचकळ्यात पडलाय आणि बॅटमॅन ठासून सांगतोय की रोज रात्री वेगळ्या रंगाचा पोशाख घालणं त्याला भागच आहे. का भाग आहे, हे कव्हर सांगत नाही. दहा सेंट टाका आणि आत बघा.

आत उत्तर आहे, आणि तेही बऱ्यापैकी तर्काला धरून. रॉबिनच्या, म्हणजे मुखवट्याबाहेरच्या डिक ग्रेसनच्या, हाताला चारचौघांत दुखापत झालेली असते. त्याच दुखऱ्या हाताने रॉबिन वावरला तर दोघे एकच आहेत हे कुणाच्याही ध्यानात येईल. म्हणून बॅटमॅन भडक कपडे घालून सगळ्यांच्या नजरा स्वतःकडे खेचून घेतो, रॉबिनच्या हाताकडे कुणी बघतच नाही.

अमेरिकेतल्या १९३८ ते १९७०च्या सुमाराच्या सुपरहिरो कव्हरांवर असे प्रकार पावलोपावली आहेत. हजार पौंडांचा झालेला फ्लॅश (विजेच्या वेगाने धावणारा नायक), लाकडी बाहुला झालेला फ्लॅश, राक्षसी कासव झालेला सुपरमॅनचा मित्र जिमी ऑल्सन. आज ही चित्रं पाहिली की वाटतं, काढणाऱ्यांच्या डोक्यात काहीतरी भलतंच चालू असणार. चालू होता तो हिशेब. दुकानाची मांडणी, परतीच्या अंकांची पद्धत, सेन्सॉरचा शिक्का आणि चार शाया या सगळ्यांनी मिळून हा विचित्रपणा घडवला. तो कसा, हे एकदा कळलं की ही कव्हरं नुसती बघायची राहत नाहीत, वाचता येतात.

आधी दुकान समजून घ्या

त्या काळी अमेरिकेत कॉमिक्सची वेगळी दुकानं नव्हती. अंक मिळायचे वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर, औषधांच्या दुकानात, किराणा दुकानाच्या कोपऱ्यातल्या फिरत्या तारेच्या स्टँडवर. दुकानदाराला त्यात काडीचा रस नसे. दहा सेंटच्या वस्तूवर त्याला सुटणार किती? वितरकाने टाकलेला गठ्ठा तो मिळेल त्या खाचेत खोचून मोकळा व्हायचा. अंक एकापुढे एक असे खोचलेले असत, त्यामुळे मागच्या अंकाचा जेमतेम वरचा तिसरा हिस्सा दिसायचा.

म्हणून जुन्या कव्हरचा वरचा तिसरा हिस्सा नेहमी खचाखच भरलेला असतो. अंकाचं नाव, किंमत, क्रमांक, महिना, प्रकाशकाची खूण आणि जमलं तर नायकाचा चेहरा, सगळं तिथेच. स्पायडरमॅन छापणाऱ्या मार्व्हल कंपनीच्या अंकांवर १९६३पासून डाव्या कोपऱ्यात नायकाचं छोटं चित्र असलेली चौकट येऊ लागली. ही युक्ती चित्रकार स्टीव्ह डिटको यांची. स्टँडवर अंकाची डावी कड तेवढी दिसत असली तरी मुलाला स्पायडरमॅन सापडलाच पाहिजे, एवढाच तिचा उद्देश. बॅटमॅन-सुपरमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीने १९६६ आणि १९६७च्या अंकांवर माथ्याला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची पट्टी छापली, तीही याच कारणासाठी. लांबून डीसीचा अंक ओळखता यावा, अशी कल्पना होती. दिसायला ती पट्टी भयानक आहे. चांगल्या चांगल्या चित्रांच्या डोक्यावर तिने बुद्धिबळाचा पट आणून ठेवला. पण तारीख ओळखायला आज तिच्याइतकी सोपी खूण दुसरी नाही.

कव्हरवरच्या महिन्याबद्दलही एक गैरसमज असतो. तो महिना अंक निघाल्याचा नाही. ही तारीख मुळात दुकानदारासाठी होती: एवढ्या दिवसांनंतर अंक स्टँडवरून काढा. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक. त्यावर जून १९३८ छापलंय, पण तो विकायला आला १८ एप्रिलला. 'कॅप्टन अमेरिका'च्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ आहे, आणि तो स्टॉलवर होता २० डिसेंबर १९४० रोजी. या दुसऱ्या उदाहरणात तर फरकाला फार वजन आहे. जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या त्या कव्हरवर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतोय, आणि तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीच नव्हती. पर्ल हार्बरवरचा हल्ला व्हायला जवळपास वर्ष होतं. (त्या कव्हरवरची ढाल नीट बघा, ती गोल नाही, तीन कोनांची आहे. दुसऱ्या एका प्रकाशकाकडे छातीवर तशाच आकाराची ढाल मिरवणारा नायक होता. त्यांनी हरकत घेतली आणि दुसऱ्या अंकापासून ढाल गोल झाली.)

न खपलेले अंक परत करून पैसे मिळत. अख्खे गठ्ठे परत पाठवणं महाग पडे, म्हणून दुकानदार कव्हर किंवा कव्हरवरची नावाची पट्टी फाडून तेवढीच पाठवायचा आणि उरलेला अंक रद्दीत घालायचा. निदान तसा नियम होता. प्रत्यक्षात असे बोडके अंक हळूच निम्म्या भावात विकले जात. जुन्या अंकांच्या ढिगात माथा सरळ कापलेली प्रत सापडली तर ती कुणा पोराची करामत नसते, तो परतीचा हिशेब असतो.

एकूण चित्र असं होतं. हातात एक नाणं घेऊन आलेलं आठ-दहा वर्षांचं मूल, समोर डझनावारी अंक, आणि निवडायला काही क्षण. जाहिरात नाही, परीक्षण नाही, दुकानदाराची शिफारस नाही. जे काही बोलायचं ते कव्हरनेच.

कव्हर आधी, गोष्ट नंतर

पहिल्या पिढीतल्या कव्हरांनी हे सरळ मार्गाने केलं. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या कव्हरवर जो शुस्टर यांचा सुपरमॅन हिरवी मोटार डोक्यावर उचलून दगडावर आदळतोय, चाक निखळून पडतंय, पुढे एक माणूस डोकं धरून पळत सुटलाय. कव्हरवर सुपरमॅनचं नावसुद्धा नाही. गंमत म्हणजे प्रकाशकाचाच यावर भरवसा नव्हता. दुसऱ्यापासून सहाव्या अंकापर्यंत कव्हरवर सुपरमॅन नाहीच, तो परतला थेट सातव्या अंकावर. दुकानांत मुलं 'तो सुपरमॅनवाला अंक' मागू लागल्यावर सगळ्यांची ट्यूब पेटली.

युद्धाच्या वर्षांत अ‍ॅलेक्स शॉम्बर्ग यांच्यासारखे चित्रकार एका कव्हरात अख्खी लढाई कोंबायचे: यंत्रं, साखळ्या, बंदुका, बांधलेले कैदी, दहा ठिकाणी दहा घटना. डोळा कुठेही पडला तरी काहीतरी घडतच असतं.

खरा विक्षिप्तपणा सुरू झाला पन्नासच्या दशकात, आणि त्याचं श्रेय एका गोरिलाला द्यावं लागतं. डीसीच्या 'स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स' या विज्ञानकथांच्या मासिकाच्या आठव्या अंकावर, मे १९५१मध्ये, पिंजऱ्यातला गोरिला दाखवला होता, माणसाचा मेंदू असलेला. अंक अनपेक्षितपणे जोरात खपला. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी पुन्हा गोरिला टाकून बघितला, पुन्हा खप वाढला. मग कंपनीतल्या प्रत्येक संपादकाला आपल्या कव्हरवर गोरिला हवासा झाला. शेवटी वरून हुकूम निघाला: महिन्याला एकाच कव्हरवर गोरिला. फ्लॅशचा शत्रू गोरिला ग्रॉड १९५९ साली अवतरला तो याच वातावरणात.

गोरिलाच का? माकड माणसासारखं वागताना दिसलं की क्षणभर नजर अडते. ओळखीचं आहे आणि ओळखीचं नाही, दोन्ही एकदम. आगीचे लोळ, डायनोसॉर, जांभळा रंग, रडणारा नायक यांनीही खप वाढतो असा या धंद्यात समज होता. शेवटची गोष्ट सगळ्यात हुशारीची. जो कधी रडत नाही तो रडताना दिसला की 'काय झालं असेल?' हा प्रश्न आपोआप पडतो.

आणि प्रश्न हेच या कव्हरांचं खरं यंत्र आहे. श्वार्ट्झ यांच्या टेबलावर बऱ्याचदा काम उलट्या क्रमाने चाले. आधी कव्हर ठरायचं. कार्माइन इन्फँटिनोसारखा चित्रकार एखादा अशक्य प्रसंग रेखाटून आणायचा आणि मग गार्डनर फॉक्स किंवा जॉन ब्रूम यांच्यासारख्या लेखकाने त्या प्रसंगाला पटेलशी गोष्ट बेतायची. 'या पेचात नायक सापडला कसा आणि सुटणार कसा' हे कोडं आधी घातलं जायचं, उत्तर मागाहून शोधलं जायचं. आजच्या वाचकाला त्या कथा ओढूनताणून जुळवलेल्या वाटतात त्या यामुळे. त्या खरंच तशा आहेत. कव्हरने घातलेला घोळ निस्तरायचं काम त्यांच्याकडे होतं.

या पद्धतीचं टोक बघायचं असेल तर 'फ्लॅश'चा १६३वा अंक बघा, ऑगस्ट १९६६चा. इन्फँटिनो यांच्या चित्रात फ्लॅश थेट वाचकाकडे तळहात रोखून उभा आहे आणि म्हणतोय, थांब! हा अंक सोडून पुढे जाऊ नकोस, माझा जीव यावर अवलंबून आहे! खलनायक नाही, मारामारी नाही, नुसती स्टँडपुढे उभ्या असलेल्या पोराला घातलेली गळ. एवढ्या निर्लज्जपणे विकणारं आणि तरीही एवढं देखणं कव्हर क्वचितच सापडेल.

सुपरमॅनचे संपादक मॉर्ट वाइसिंगर यांची तऱ्हा वेगळी होती. ते आजूबाजूच्या मुलांनाच विचारायचे, तुम्हाला काय बघायला आवडेल? त्यामुळे त्यांच्या कव्हरांवर मुलांची स्वप्नं आणि भीती जशीच्या तशी उतरलेली दिसतात: आपलं माणूस आपल्याला विसरतं, मित्र उलटतो, शक्ती जाते, शरीर भलतंच होतं. कर्ट स्वान यांच्या साध्या, नेटक्या रेषेने हे प्रसंग इतक्या गंभीर चेहऱ्याने मांडलेत की त्यातच त्यांची मौज आहे. चित्रकाराने डोळा मिचकावला असता तर सगळा खेळ फुकट गेला असता.

अशा कव्हरांनी फसवल्याचीही तक्रार व्हायची. कव्हरवर नायक मेला, आत बघावं तर स्वप्न. मग कव्हरवरच खुलासे येऊ लागले: ही थाप नाही, स्वप्न नाही. किंवा उलट, ही 'काल्पनिक कथा' आहे. काल्पनिक नायकाची काल्पनिक कथा! नोव्हेंबर १९६१च्या 'सुपरमॅन'च्या १४९व्या अंकातला सुपरमॅनचा मृत्यू हा असाच 'काल्पनिक'.

शिक्क्याचा परिणाम

उजव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटासारखी कातरलेल्या कडांची एक पांढरी चौकट दिसते. तो कॉमिक्स कोडचा शिक्का. २१ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये, बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे ईसी कॉमिक्सचे प्रकाशक विल्यम गेन्स यांची साक्ष झाली. सिनेटर केफॉव्हर यांनी त्यांच्यापुढे 'क्राइम सस्पेनस्टोरीज'च्या २२व्या अंकाचं कव्हर धरलं. त्यावर कुऱ्हाड आणि बाईचं तुटलेलं मुंडकं हातात धरलेला माणूस. हे अभिरुचीला धरून आहे का, असा प्रश्न आला. भयकथेच्या कव्हरसाठी आहे, असं गेन्स म्हणाले, आणि वर हेही सांगितलं की मुंडकं जरा उंच धरून गळणारं रक्त दाखवलं असतं तर ते वाईट ठरलं असतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत काय आलं असेल ते सांगायला नको.

त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःच नियमावली केली. त्यातले काही नियम थेट कव्हरबद्दल होते. शीर्षकात 'हॉरर' किंवा 'टेरर' हे शब्द चालणार नाहीत. 'क्राइम' हा शब्द शीर्षकातल्या इतर शब्दांपेक्षा ठळकपणे मोठा नको, आणि कव्हरवर एकटा तर नकोच. शिक्का नसलेला अंक वितरक घेईनात, म्हणजे नियम ऐच्छिक असले तरी पर्याय नव्हता. हा शिक्का २०११ साली डीसी आणि आर्ची या शेवटच्या कंपन्यांनी सोडला तेव्हा संपला.

रक्त गेलं, खून गेले, थरथरणारे हात गेले. पण मुलाची नजर तर अडवायचीच होती. मग हिंसेची जागा रूपांतराने घेतली. नायकाला भोसकता येत नाही ना, मग त्याला लठ्ठ करा, म्हातारा करा, बाळ करा, बाहुला करा. सप्टेंबर १९६०चा 'फ्लॅश'चा ११५वा अंक, डिसेंबर १९६२चा १३३वा, ही त्याचीच फळं. कोडने भयकथांचा ईसीसारखा उत्तम प्रकाशक बुडवला हे खरं, पण सुपरहिरो कव्हरांना वेडेपणाची वाटही त्यानेच दाखवली. त्यातली 'फ्लॅश'ची कव्हरं आमच्या मते त्या दशकातली सगळ्यात सरस.

चार शाया आणि चौसष्ट रंग

आता छपाई, म्हणजे या कव्हरांच्या रूपाचं अर्धं गुपित.

चित्र छापील आकाराच्या जवळजवळ दुप्पट काढलं जाई. १९६७च्या सुमारास हा आकार कमी करून दीडपट केला गेला. पेन्सिल, मग शाई, सगळं काळं-पांढरं. मूळ चित्रावर रंग कधीच नसे. चित्राची छोटी प्रत काढून रंगकार त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या रंगांनी रंगवायचा आणि प्रत्येक भागाला खूण लिहायचा. पिवळा, लाल, निळा या तीन शाया, आणि प्रत्येकीच्या तीन पायऱ्या: पंचवीस टक्के, पन्नास टक्के आणि भरीव. पंचवीस टक्क्यांसाठी २, पन्नाससाठी ३, भरीव असेल तर आकडाच नाही. गोऱ्या कातडीची खूण होती 'पिवळा २, लाल २'. 'नाही' धरून प्रत्येक शाईच्या चार अवस्था झाल्या, म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार, एकूण चौसष्ट रंग. सगळं विश्व यात बसवायचं.

पुढे ठसे करणाऱ्या कारखान्यात हाताचं काम सुरू व्हायचं. तीन शाया गुणिले तीन पायऱ्या, म्हणजे नऊ पारदर्शक ताव. प्रत्येक तावावर त्या-त्या पायरीचा भाग अपारदर्शक रंगाने भरायचा. त्यांचे ठिपक्यांच्या जाळीतून फोटो काढून तीन रंगांचे तीन ठसे व्हायचे, चौथा ठसा काळ्या रेषेचा. हे काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या, आणि त्यांची नावं कुठल्याच अंकावर नाहीत. एखाद्या कव्हरवर नायकाचा हातमोजा मध्येच कातडीच्या रंगाचा दिसला तर समजा, एका तावावरचा तुकडा भरायचा राहून गेलाय.

आतली पानं खरखरीत न्यूजप्रिंटवर छापली जात. कव्हर वेगळ्या, गुळगुळीत लेप असलेल्या कागदावर. लेपामुळे शाई आत झिरपत नाही, ठिपके बारीक ठेवता येतात, रंग चमकतात. नंतर कव्हर आणि पानं एकत्र दुमडून मधोमध दोन पिना मारायच्या, तीन बाजू कापायच्या, झाला अंक. चार ठसे एकमेकांवर तंतोतंत बसले नाहीत की लाल रंग ओठांवरून घसरून हनुवटीवर येतो, किंवा केपच्या कडेला पांढरी चीर राहते. कागद दमट हवेने किंचित फुगला तरी एवढं घडतं.

या मर्यादेचे परिणाम लांबवर गेले. भरीव लाल, निळा आणि पिवळा हे सर्वांत खात्रीचे रंग, ते नायकांनी आधीच पटकावले. खलनायकांच्या वाट्याला दोन शाया मिसळून होणारे हिरवे, जांभळे, नारिंगी उरले. जोकर, लेक्स लूथर, ग्रीन गॉब्लिन यांचे कपडे आठवून बघा. काळे केस नुसते काळे छापले तर डोक्याच्या जागी एक ढेप दिसते, म्हणून त्यात निळे पट्टे. आकाश निळं ठेवलं तर सुपरमॅन त्यात हरवतो, म्हणून आकाश पिवळं, गुलाबी, कधी रक्तासारखं लाल. वेडगळ वाटणारी आकाशं बहुतेक वेळा नायकाला वेगळं उठवण्यासाठी असतात.

आणि सर्वांत अवघड रंग कोणता? करडा! काळी शाई फक्त रेषेसाठी होती, तिच्या फिक्या पायऱ्या नव्हत्या. करडा हवा तर पिवळा, लाल, निळा समप्रमाणात मिसळा. त्यातली एक शाई थोडी जास्त पडली की करड्याचा हिरवट होतो किंवा मातकट. 'इनक्रेडिबल हल्क'च्या पहिल्या अंकात, मे १९६२मध्ये, हल्क करडा आहे. रंगकार स्टॅन गोल्डबर्ग यांनी हे असंच बिघडणार असं आधी सांगितलं होतं, आणि तसंच झालं. एका पानावर फिका, दुसऱ्यावर जवळपास काळा, मध्येच हिरवट. दुसऱ्या अंकापासून हल्क कायमचा हिरवा झाला. जगातल्या सर्वांत ओळखीच्या हिरव्या माणसाचा रंग असा छापखान्यात ठरला.

मराठी वाचकाला याचा एक जवळचा भाऊबंद ठाऊक आहे. मार्च १९६४पासून इंद्रजाल कॉमिक्समधून घरोघरी पोचलेला वेताळ, म्हणजे ली फॉक यांचा फँटम, लेखकाच्या मनात करडाच होता. १९३९ साली वर्तमानपत्रांत त्याच्या रविवारच्या रंगीत चित्रपट्ट्या सुरू झाल्या आणि तो जांभळा छापला गेला. तेव्हापासून घनदाट जंगलात लपूनछपून वावरणारा माणूस जांभळ्या कपड्यांत फिरतोय आणि कुणाला काही वाटत नाही.

साठच्या दशकात डीसीचे जॅक अ‍ॅडलर यांनी सपाट रंगाची ही चौकट थोडी मोडली. चित्रकार पातळ शाईने छटा भरायचा, अ‍ॅडलर त्या ठशात टिकवून ठेवायचे, आणि कव्हर जवळजवळ रंगचित्रासारखं दिसायचं. रस हीथ यांची 'सी डेव्हिल्स'ची पाण्याखालची कव्हरं या तंत्राचा उत्तम नमुना. मेहनत फार, त्यामुळे अशी कव्हरं मोजकीच.

चित्र कसं रचलंय ते बघायचं

दोन चित्रकार समोरासमोर ठेवले की रचना कळते. 'अमेझिंग फँटसी'च्या १५व्या अंकासाठी (ऑगस्ट १९६२, स्पायडरमॅनचा पहिला अंक) डिटको यांनी काढलेलं कव्हर बाजूला ठेवलं गेलं. छापलं गेलं ते कर्बी यांचं, डिटको यांच्या शाईतलं. नायक अर्धं कव्हर व्यापून समोर येतोय, काखेत एक गुंड, मागे गच्च्यांवरची माणसं मुंगीएवढी. नवा नायक विकायचा तर तो आधी अंगावर आला पाहिजे, ही कर्बीची पद्धत. त्यांच्या कव्हरांत मूठ नेहमी डोक्यापेक्षा मोठी.

इन्फँटिनो याच्या उलट. त्यांच्याकडे मोकळी जागा, आडवी क्षितिजं आणि एक नेमकी कल्पना. 'फ्लॅश' १२३ (सप्टेंबर १९६१) घ्या. मधोमध विटांची भिंत. एका बाजूने आजचा फ्लॅश धावतोय, दुसऱ्या बाजूने १९४०च्या दशकातला, लोखंडी टोपवाला. पुढे एका माणसावर तुळई कोसळतेय आणि तो मदतीला हाक मारतोय. भिंतीमुळे दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, सगळं फक्त वाचकाला दिसतंय. दोघे फ्लॅश दोन समांतर जगांतले, ही एवढी किचकट कल्पना एका भिंतीत बसली, आणि पुढे डीसीची अनेक पृथ्व्यांची सगळी भानगड इथूनच वाढली.

चांगली रचना पुन्हा पुन्हा उसनी घेतली जाते. 'डिटेक्टिव्ह'च्या ३१व्या अंकावरचा (सप्टेंबर १९३९) किल्ल्यामागून उगवलेला अजस्र बॅटमॅन नील अ‍ॅडम्स यांनी १९७०च्या 'बॅटमॅन' २२७वर जाणूनबुजून परत उभा केला.

प्रत हातात आली तर

तारीख ओळखायला आधी किंमत बघा. १९६१ संपेपर्यंत दहा सेंट, त्यानंतर बारा, १९६९मध्ये पंधरा. सत्तरच्या दशकात वीस, पंचवीस, तीस, पस्तीस अशी भराभर वाढ. कोडचा शिक्का असेल तर अंक १९५४च्या आधीचा नाही. बारकोड असेल तर १९७६ किंवा नंतरचा. 'दहा सेंट' छापलेलं आहे आणि बारकोडही आहे, म्हणजे ती पुनर्मुद्रित प्रत. खात्री हवी तर कव्हरवर विसंबू नका. कव्हरच्या आतल्या बाजूला किंवा पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रकाशकाची ओळ असते, त्यातलं साल खरं.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती १९७४च्या मोठ्या आकाराच्या पुनर्मुद्रणाने. डीसीने 'अ‍ॅक्शन' १ हुबेहूब छापला, बाहेरून जाड वेष्टन घातलं. वेष्टन काढलं की आत मूळ कव्हरची नक्कल. मोजपट्टी लावा: मूळ अंक साधारण पावणेआठ बाय साडेदहा इंच, ही नक्कल साधारण दहा बाय साडेतेरा. मूळ अंकाची एक प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरला गेली, म्हणून मोजपट्टी लावायचा आळस नको.

दुरुस्ती लपवलेली असेल तर कव्हर उलटून आतली बाजू उजेडात बघा. घड्यांवरचा उडालेला रंग पेनने भरला असेल तर शाई मागे उमटते. कडा फारच पांढऱ्या आणि सरळ असतील, तर कुणीतरी त्या नव्याने कापल्याची शंका घ्या आणि रुंदी मोजा. पेन्सिलने लिहिलेली किंवा शिक्क्याने उठवलेली छोटी तारीख मात्र दोष नाही. अंक दुकानात आला त्या दिवशीची दुकानदाराची ती नोंद असते, आणि खोडरबर लावून ती घालवणं हा गुन्हा.

मुंबई-कोकणातल्या हवेत या अंकांचे तीन वैरी: ओल, कसर आणि गंज. पिनांना गंज चढला की त्याचा तपकिरी डाग कव्हरभर पसरतो. पिना स्वतः काढायला जाऊ नका, कागद भोकाशी फाटतो. न्यूजप्रिंटमधलं लिग्निन आम्ल तयार करतं, पानं पिवळी आणि ठिसूळ होतात, म्हणून पाठीमागे आम्लविरहित पुठ्ठा ठेवायचा आणि तो पिवळा पडू लागला की बदलायचा. बाहेरची पिशवी मायलार किंवा पॉलिप्रॉपिलिनची हवी. जुन्या मऊ पीव्हीसी फोल्डरमध्ये काही वर्षांत शाई प्लास्टिकला चिकटते. सेलोटेप कुठेच नको. अंक उभे ठेवा, पण इतके ढिले नको की मधोमध वाकतील. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के राहिली तर उत्तम. पावसाळ्यात तेवढं जमणार नसेल तर बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि गणपतीनंतर, ऊन पडल्यावर, त्या तापवून कोरड्या करून परत ठेवा.

फ्रेम करून भिंतीवर लावायचा मोह होईल. उजेडात लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी आणि काळी टिकते. गठ्ठ्यातल्या अंकाची एकच कड बाहेर राहिली, तर तेवढ्याच कडेची पट्टी फिकी झालेली दिसते. भिंतीवर लावायला रंगीत झेरॉक्स पुरे, मूळ प्रत डब्यात.